ऊस-नोंद आणि माहिती प्रणाली विद्याशाखेचा उदय

संगणकशास्त्र यंत्राचा व आज्ञावलीचा अभ्यास करते, तर व्यवस्थापनशास्त्र संघटनेचा. नोंदविलेल्या माहितीवरून माणसे निर्णय कसे घेतात, हा प्रश्न या दोहोंच्या सीमेवर राहिला. त्यातूनच ‘माहिती प्रणाली’ ही स्वतंत्र विद्याशाखा उदयास आली. स्वीडनच्या बोर्ये लांगेफोर्स यांनी १९६६ मध्ये तिची सैद्धांतिक मांडणी केली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९६८ मध्ये संशोधन केंद्र आणि १९७७ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे नियतकालिक सुरू झाले.

या विद्याशाखेची गरज बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊस उत्पादकास सहज पटेल. माळेगाव, भवानीनगर यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात लागवडीची तारीख, उसाची जात व क्षेत्र यांच्या नोंदीस मोठे महत्त्व आहे. कारण तिच्या आधारे तोडणीचा क्रम ठरतो. तारीख चुकल्यास निर्दोष आज्ञावलीही चुकीचा क्रम लावते. पक्व ऊस शेतात उभा राहतो, वजन व उतारा घटतो आणि तोटा शेतकऱ्यास सोसावा लागतो.

हा दोष यंत्राचा नव्हे. नोंद कोणी घेतली, कोणी तपासली आणि शेतकऱ्यास ती पाहून दुरुस्त करून घेता येते काय, याचा शोध घेणे हेच या विद्याशाखेचे कार्य होय. म्हणूनच ग्रामीण महाविद्यालयांत आज्ञावली-लेखनाबरोबर अशा नोंदींचा क्षेत्रीय अभ्यासही आवश्यक ठरतो.