जुने गासडीयंत्र विकत घेताना

गवत वजनाने हलके, परंतु आकारमानाने अवाढव्य असते. सुटे गवत भरलेली गाडी दिसावयास भरगच्च दिसते. प्रत्यक्षात तिच्यात फारसा चारा मावत नाही. म्हणूनच गवत दाबून त्याच्या गासड्या बांधण्याची पद्धत रूढ झाली. ठाणे व पालघर भागांतील वखारींत मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत याच रीतीने बांधले जात असे. वखारीतील दाबयंत्र एका जागी उभे असते आणि गवत त्याच्याकडे आणावे लागते. ट्रॅक्टरमागून चालणारे गासडीयंत्र, म्हणजे बेलर, मात्र शेतात पसरलेले वाळके गवत स्वतःच उचलते, दाबते आणि सुतळीने बांधून मागे सोडते.

या यंत्राचे मर्म त्याच्या गाठ मारणाऱ्या भागात आहे. १८७८ च्या सुमारास अमेरिकेत जॉन अॅपलबी याने धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रासाठी गाठ मारण्याची युक्ती सिद्ध केली. एडविन नोल्ट याच्या रचनेवर आधारलेले, आपोआप गाठ मारणारे गासडीयंत्र न्यू हॉलंड कंपनीने १९४० च्या सुमारास बाजारात आणले. पुढील काळातील लहान चौकोनी गासड्यांची यंत्रे बहुतांशी याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे एका जुन्या यंत्राची परीक्षा ज्याला करता येते, त्याला दुसऱ्याचीही करता येते.

चाऱ्याचा प्रश्न बुंदेलखंडात विशेष निकडीचा आहे. भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था १९६२ मध्ये झाशी येथेच स्थापन झाली. त्याच शहरातील सीपरी बाजारात राहणारा, दहा-बारा म्हशी बाळगणारा एखादा दूधविक्रेता तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे गासडीयंत्र घेऊ पाहत आहे, असे समजू या. त्याने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न यंत्रासंबंधी नसून चाऱ्यासंबंधी आहे. पावसाळ्यानंतर कापलेले लांब गवत किंवा कापणीयंत्रामागे राहिलेले गव्हाचे लांब काड हे यंत्र उत्तम बांधते. मळणीयंत्रातून निघालेला बारीक भुसा त्यात बांधला जात नाही. ज्याचा व्यवहार मुख्यतः भुशाचा आहे, त्याने हे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

परीक्षेचा पहिला भाग ट्रॅक्टर बंद ठेवून करावयाचा असतो. नवा रंग पाहून समाधान मानू नये. रंगाखाली सांगाड्याच्या सांध्यांवर भेगा वा जोडकामाचे जाड थर आहेत काय, हे तपासावे. गवत उचलणारे तारेचे दात वाकलेले किंवा गळालेले असले तर ते बदलता येतात, आणि त्यांचा खर्च मर्यादित असतो. दाबकोठीचा पत्रा झिजून पातळ झाला असेल तर मात्र दुरुस्ती मोठी ठरते. दट्ट्या हा कोठीत मागेपुढे सरकणारा भाग होय. तो हाताने हलवून पाहावा. फार डुगडुगत असेल तर त्याच्या बेअरिंगा वा सरकपट्ट्या झिजल्या आहेत असे समजावे. दट्ट्यावरील पाते व कोठीतील स्थिर पाते यांमधील फट एक मिलिमीटरहूनही कमी असावी लागते. ती वाढली की गवत कापले न जाता ओढले जाते आणि गासडीच्या कडेला झुपके लोंबू लागतात.

यानंतर जड चाक त्याच्या नेहमीच्या दिशेने हातांनी सावकाश फिरवावे आणि गाठ मारण्याची क्रिया सुरू करून द्यावी. दोन्ही सुया खालून वर येतात व दट्ट्याच्या खाचांतून कोठे न घासता पार होतात. मग चोचीच्या आकाराचा आकडा एक फेरा घेऊन सुतळीचा फास करतो, सुतळीची टोके जबड्यात धरतो. सुरी सुतळी कापते व एक दांडा फास ओढून काढतो. एवढ्याने गाठ पुरी होते. या चोचीवर बोट फिरवून पाहावे. ती गुळगुळीत असावी. खोबण पडली असेल तर सुतळी अडकून राहते.

सुया कोठीत असताना दट्ट्या पुढे आलाच, तर त्याला अडविणारा एक सुरक्षा-अडसर असतो. जड चाकावर एक मुद्दाम कमकुवत ठेवलेला बोल्टही असतो. भार वाढला की तो तुटतो आणि यंत्र वाचते. त्या जागी कोणी साधा कणखर बोल्ट ठोकला असेल, तर आतील दातेरी चक्रांनी बरेच आघात सोसले असणार, असे धरून चालावे. ट्रॅक्टरकडून शक्ती आणणाऱ्या दांड्यावर आवरण आहे की नाही, हेही पाहावे. मिनिटाला ५४० फेरे घेणारा उघडा दांडा धोतराचा सोगा वा सदऱ्याची बाही क्षणात गुंडाळून घेतो. ट्रॅक्टर चालू असताना यंत्रात हात घालण्याचे कोणतेही कारण पुरेसे नसते.

दुसरा भाग प्रत्यक्ष बांधणीचा. कोरड्या गवताच्या दहा-बारा गासड्या सलग बांधून घ्याव्यात. कोठी रिकामी असल्याने पहिल्या एक-दोन सैल निघतात. त्यांवरून निर्णय करू नये. पुढील प्रत्येक गासडी सुतळीला धरून उचलावी व गाठी पाहाव्यात. गाठ एकाच धाग्यावर बसली असेल, तर दुसरा धागा आकड्यापर्यंत पोहोचलाच नाही. टोके विंचरल्यासारखी दिसत असतील, तर सुरी बोथट आहे. हे दोष बहुधा जुळणीने वा धार लावून जातात; परंतु तेच दोष विक्रेत्याला दाखवून किंमत कमी करून घेता येते. काम थांबताच बेअरिंगांच्या घरांजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, उष्णता अजमावावी. तापलेले बेअरिंग आणि भोवती साचलेला वाळका कचरा यांतून आग लागू शकते.

शेवटी यंत्रावरील पट्टीवरून कंपनी, नमुना व क्रमांक टिपून घ्यावेत आणि आकडा, सुया, पाती हे सुटे भाग कोठे व केवढ्यास मिळतात याची चौकशी पैसे देण्याआधी करावी. यंत्राची खरी किंमत म्हणजे विक्रेत्याने सांगितलेली रक्कम अधिक या भागांचा व दुरुस्तीचा खर्च. ही बेरीज त्याच पैशांत मिळणाऱ्या तयार चाऱ्याशी ताडून पाहावी. गवत कापणीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो. त्या काळात बंद पडलेले यंत्र दुरुस्त होईपर्यंत गवत शेतातच राहते, आणि म्हशींचा वर्षाचा चारा विकत आणावा लागतो. म्हणून जो विक्रेता गासड्या बांधून दाखविण्यास तयार नसेल, त्याचे यंत्र भंगाराच्या भावापेक्षा अधिक देऊन घेऊ नये.