प्रार्थनेची भाषा

मावळांतील आंबी येथें एका स्नेह्यांकडे मुंजीस जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. गायत्रीचा उपदेश झाला आणि बटूनें मोठ्यानें विचारलें, “आजोबा, याचा अर्थ काय?” मंडळी हंसली. “मोठा झालास म्हणजे कळेल,” असें आजोबा म्हणाले. पण आपणांसहि तो कधीं कोणी सांगितला नव्हता, हें त्यांनीं मागाहून आम्हांपाशीं कबूल केलें.

आंबीजवळून वाहणारी इंद्रायणी पुढें देहू-आळंदीस जाते. गीतेचा अर्थ १२९० सालीं मराठींत आणणाऱ्या ज्ञानदेवांची समाधि तिच्याच तीरीं आहे. परंतु देवाशीं कोणत्या भाषेंत बोलावें, हा प्रश्न केवळ आपल्याच देवघरांतला नव्हे. कॅथॉलिक पंथांतहि तो शतकानुशतकें वादाचा होता, आणि त्या इतिहासाचें एक पान मराठींत आहे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

कॅथॉलिकांची मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. रोमन परंपरेंत ती लॅटिन भाषेंत होत असे. प्रवचन तेवढें लोकभाषेंत होई. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें त्या नियमास हात लावला नाहीं. मात्र जुनीं पुराणें दुरावलेल्या नवख्रिस्ती लोकांची भूक त्यानें ओळखली आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचलें. १६१६ सालीं साष्टींतील राचोल येथें तें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला. तरीहि हा ग्रंथ हस्तलिखितांच्या आधारें टिकला आणि १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हां छापला गेला.

उपासनेचा नियम बदलावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं २,१४७ विरुद्ध ४ मतांनीं लोकभाषेस वाट मोकळी करून दिली. लॅटिन काढून टाकावी, असें त्या ठरावांत नव्हतें. पण थोड्याच वर्षांत जगभर लोकभाषा रूढ झाली. वसईच्या देवळांतहि मिस्सा मराठींत होऊं लागली. त्याच वसईचे धर्मगुरु व ‘सुबोध बायबल’चे कर्ते फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

यांत कांहीं गमावलें नाहीं, असें मात्र नव्हे. कोणत्याहि देशांतील भाविकास परक्या मुलखांतील देवळांत तेच शब्द ऐकूं येत, हा दिलासा गेला. म्हणून जुन्या मिस्सेची ओढ अनेकांस अद्यापि आहे. २००७ सालीं पोप बेनेडिक्ट यांनीं तिला सवलत दिली, तर २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं ती पुन्हां आखडली.

आमच्या मतें, पूर्वजांचे शब्द टाकण्याचें कारण नाहीं. पण अर्थावांचून ते मुलांच्या हातीं देणें म्हणजे किल्ली न देतां पेटी देणें होय. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतींत संस्कृत मंत्रांबरोबर मराठी अर्थ सांगितला जातो, तो मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

निघतांना त्या आजोबांनीं आमच्याकडून गायत्रीचा अर्थ कागदावर लिहून घेतला. “आज रात्रीं नातवास सांगतों,” असें ते म्हणाले. आमच्या वाचकांनींहि आपापल्या घरीं एवढें अवश्य करावें.