चुलीजवळचं विज्ञान – लेखांक 11 : वडी पिळावीच लागते

गेल्या आठवड्यात आपण मासवडी थापली. नावात मासा, पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, वरून बेसन. माळकरी घरातही ती बिनघोर वाढली जाते. सोयाबीनच्या वडीचं तसं नाही. ती रश्श्यात पडली की थेट मटणाच्या फोडीसारखी दिसते. आमच्याकडे जेवायला आलेल्या नेवाशाच्या मामांनी तर ताटच पुढे सारलं होतं. मामा माळकरी. शेवटी पाकीट आणून दाखवलं, तेव्हा कुठे एक फोड तोंडात टाकली. चावत राहिले, चावत राहिले आणि म्हणाले, ‘‘मटण नाही, हे पटलं. पण ही भाजी तरी आहे का गं?’’

मामांचं खोटं नव्हतं. रस्सा झणझणीत होता आणि वडी आतून पांढरीफटक, अळणी, चिवट. मी ती मटणासारखी शिजवली होती, तिथेच चुकलं.

वडी मुळात आहे काय? सोयाबीनमध्ये साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 18 ते 20 टक्के तेल असतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ हे वाण शेतकऱ्यांच्या तोंडी आहेतच. शंभर किलो सोयाबीनमधून अठरा-वीस किलो तेल काढून घेतलं, की उरते ती पेंड. प्रथिनं सगळी तिच्यात राहतात, म्हणून पेंडीत त्यांचा वाटा निम्म्यावर जातो. यातली बरीचशी पेंड कोंबडीखाद्यात जाते. संगमनेरकडच्या पोल्ट्रीवाल्यांना तिच्या भावावर डोळा ठेवावाच लागतो. तेव्हा चिकन खाणाऱ्याच्या पोटातही सोयाबीनच जातं म्हणायचं, मधे कोंबडीची मध्यस्थी तेवढी असते.

माणसांच्या खाण्यासाठी काढलेल्या पेंडीचं पीठ करतात, ते ओलवून यंत्राच्या तापलेल्या नळीतून फिरत्या मळसूत्राने पुढे रेटतात. आत प्रचंड दाब असतो. साच्याच्या तोंडातून पीठ बाहेर पडलं, की त्यातल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ते फुगतं. रेटलं जाताना प्रथिनांचे धागे एका दिशेला ओढले गेलेले असतात. दाताखाली मांसासारखे रेषे लागतात ते हेच.

आता चुलीकडे. मटण शिजताना रश्श्यात आपली चरबी आणि हाडाचा अर्क सोडतं. वडीकडे सोडायला काहीच नाही. तेल कारखान्यातच निघून गेलेलं. ती उलट रश्श्यातून ओढून घेते. पण ती आधीच पाण्याने टच्च भरलेली असेल, तर मसाल्याला आत शिरायला जागा कुठे?

म्हणून पिळायचं. उकळत्या पाण्यात मीठ घालून वड्या टाका, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग पाणी ओतून द्या, त्याचा रस्सा करण्याची काटकसर नको. गार पाण्यात चोळा, दोन तळव्यांत दाबून पिळा, पुन्हा धुवा, पुन्हा पिळा. पहिलं पाणी पिवळट आणि फेसाळ निघतं, त्याला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येतो. सोयाबीन भरडलं, की त्यातलं एक विकर तेलावर काम करून हा वास तयार करतं, आणि तेल काढल्यावरही तो थोडा मागे रेंगाळतो. पाणी नितळ दिसू लागलं की थांबा.

पिळलेल्या वडीला दही, आलं-लसूण, हळद, मीठ आणि काळा मसाला चोळून अर्धा तास ठेवा. मग कडा तांबूस होईपर्यंत तेलात परता. इथे तेलाचा हात आखडला, तर पुढचं सगळं फुकट. त्यानंतर कांदा-खोबऱ्याचं वाटण, गरम पाणी आणि दाटपणाला पाण्यात कालवलेला येसूर. दहा मिनिटांची उकळी पुरे. कुकरचं नाव काढू नका. वडी कारखान्यातूनच शिजून आलेली असते, शिट्ट्यांनी तिचा फक्त लगदा होतो.

पाकिटावर शंभर ग्रॅमला 52 ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. तो आकडा कोरड्या वडीचा. भिजून वजन तिपटीच्या घरात गेलं, की शंभर ग्रॅममध्ये सतरा-अठरा ग्रॅम राहतात. कच्च्या मटणात वीसच्या आसपास असतात. म्हणजे तुलना करायचीच तर वडी फार मागे नाही, पण मटणाच्या अडीचपट ताकद वगैरे जे सांगितलं जातं त्यावर जाऊ नका.

मामा पुढच्या एकादशीनंतर पुन्हा आले, तेव्हा बाजरीच्या भाकरीबरोबर दोनदा मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात सोयाबीनचं दूध. त्यासाठी पाव किलो अख्खं सोयाबीन आणून ठेवा. पेरणीतून उरलेलं बियाणं मात्र अजिबात घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं.