शिफारस आणि गरज : पॅकेज-व्यवस्थापनातील एक संबंध

‘सह्याद्रीच्या दऱ्यांतून आलेली कर्ली देवबागेपाशी दर्याला मिळते’ हे वाक्य भूगोलदृष्ट्या सरळ आहे. एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर मालवण तालुक्यातील देवबाग वसले आहे. मात्र लेखनदृष्ट्या हेच वाक्य पारखून पाहण्याजोगे आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या शब्दांतील भेद केवळ रकाराच्या जोडणीत आहे. शिवाय ‘आलेली’मधील ल आणि ‘देवबागेपाशी’मधील श यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून निराळी आहेत. देवबागेत न्याहारी-निवास चालविणाऱ्या एखाद्याने आपल्या संगणकावर डेबियन अथवा फेडोरा ही मुक्त प्रणाली बसविली, तर हे वाक्य पडद्यावर कसे उमटेल? योग्य फाँट नसल्यास अक्षरांच्या जागी चौकोन तरी दिसतील, किंवा वळणे परकी तरी वाटतील. तो फाँट संगणकावर येतो की नाही, हे बहुधा वापरणारा ठरवीत नाही, पॅकेज-व्यवस्थापक ठरवितो. त्याच्या या निर्णयाचे स्वरूप पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रणालींत प्रत्येक कार्यक्रम पॅकेजच्या रूपाने येतो, आणि आपणास दुसरे काय लागते याची नोंद प्रत्येक पॅकेज बरोबर आणते. डेबियनच्या परंपरेत या नोंदीच्या तीन मुख्य पायऱ्या आहेत : गरज, शिफारस आणि सूचना. गरज पुरी झाल्यावाचून पॅकेज चालण्याजोगे मानले जात नाही. सूचना ही केवळ माहिती होय. शिफारस या दोहोंच्या मधली : अपवादात्मक परिस्थिती वगळता जे बरोबर असावयास हवे, पण नसल्याने काही मोडत नाही, असे ते पॅकेज असते.

वाक्यविचाराच्या अभ्यासकाला हा भेद अपरिचित वाटू नये. वरील वाक्यात ‘मिळते’ या क्रियापदास ‘कर्ली’ आणि ‘दर्याला’ ही पदे हवीतच. ‘देवबागेपाशी’ हे पद गाळले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्धच राहते. मात्र ज्यासाठी ते लिहिले ती गोष्टच त्यातून नाहीशी होते. शिफारशीचे मर्म नेमके येथे आहे. तिच्या अभावी दोष दिसत नाही. उणीव मात्र राहते.

आता स्थापनेच्या वेळी काय घडते ते पाहू. डेबियनचा मूळ कार्यक्रम डीपीकेजी शिफारशीसाठी अडून बसत नाही. त्याच्यावरील एपीटी मात्र, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या लेनी या आवृत्तीपासून, शिफारस केलेली पॅकेजे आपण होऊन आणतो. अर्थात् येथे मौन ही संमती मानली जाते. नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. जोडणी मंद आणि साठवण थोडी असेल, तर वापरणारा शिफारशी सरसकट बंद करतो. त्याची ही काटकसर समजण्यासारखी आहे. परंतु त्या एका नकारात अनावश्यक पॅकेजांबरोबर मराठीचा फाँटही वगळला जाऊ शकतो, आणि कोणतीही तक्रार पडद्यावर उमटत नाही.

फेडोराने हाच संबंध उलट दिशेनेही मांडला आहे. 2016 च्या फेडोरा 24 पासून तेथील भाषा-पॅकेजे अशा रीतीने बांधली गेली की, लिबरऑफिस आणि मराठीचे लँगपॅक ही दोन्ही संगणकावर असल्यास लिबरऑफिसचे मराठी पॅकेज आपण होऊन यावे. येथे नोंद मुख्य पॅकेजात नसून पुरवणी-पॅकेजात असते. जोहाना निकल्स यांनी 1986 साली भाषांच्या संदर्भात जो भेद मांडला, त्याच्याशी याचे साम्य लक्षणीय आहे : काही भाषांत संबंधाची खूण प्रधान पदावर येते, काहींत आश्रित पदावर. मराठी विभक्तिप्रत्यय नामाला लावते, म्हणजे खूण आश्रितावर ठेवते. फेडोराच्या या योजनेचा लाभ असा की, लिबरऑफिसच्या मुख्य पॅकेजाला जगातील प्रत्येक भाषेची यादी बाळगावी लागत नाही. लहान भाषा आपली नोंद आपणच करते.

खरी कसोटी लागते ती अद्ययावतीकरणाच्या वेळी. वापरणाऱ्याने एकदा नाकारलेले पॅकेज नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा आणावे काय? एपीटी नव्या आवृत्तीच्या शिफारशी जुन्या आवृत्तीशी ताडून पाहतो. पूर्वीच अपुरी राहिलेली शिफारस तो पुन्हा उकरून काढीत नाही. प्रथमच आलेली शिफारस मात्र विचारात घेतो. फेडोरामध्ये काढून टाकलेले पॅकेज अद्ययावतीकरणात परत येत असे. 2022 च्या फेडोरा 36 पासून डीएनएफ अपुऱ्या राहिलेल्या शिफारशी ओळखून त्यांना बाजूस ठेवतो. दोन्हींत तत्त्व एकच : जुना नकार हा निर्णय समजावा, विस्मरण नव्हे.

हे तत्त्व न्याय्य असले तरी त्याची एक किंमत आहे. शिफारशी सरसकट नाकारणाऱ्याने मराठी फाँट नाकारला होता असे नाही. त्याला तो दिसलाच नव्हता. तरीही पुढील प्रत्येक आवृत्तीत तो नकार कायम मानला जाईल. उलट प्रकारही संभवतो. शिफारशीमुळे आलेल्या पॅकेजावर ‘आपोआप आलेले’ अशी खूण असते. पुढील आवृत्तीत मुख्य पॅकेजाने ती शिफारसच मागे घेतली आणि अन्य कोणत्याही पॅकेजाला त्या फाँटची अपेक्षा नसली, तर एपीटी त्याला निरुपयोगी पॅकेजांच्या यादीत घालतो, आणि साफसफाईत तो जातो.

उपाय कठीण नाही. फाँट, शब्दशुद्धीचा कोश, भाषांतरित संदेश यांची पॅकेजे नाव घेऊन मागितली की त्यांवर ‘मुद्दाम मागितलेले’ अशी खूण पडते. मग इतरांच्या शिफारशी येवोत वा जावोत, ती टिकतात. देवबागेतील त्या वापरणाऱ्यालाही शिफारशी बंद ठेवून एवढी मोजकी पॅकेजे नावाने आणता येतील. तात्पर्य, मोठ्या भाषेची साधने बहुधा मूळ घडणीतच असतात. मराठीची बहुतांशी शिफारशीच्या किंवा पुरवणीच्या पदावर असतात. ते पद गाळल्याने वाक्य चुकत नाही. म्हणूनच ते गाळले गेले आहे की काय, हे मुद्दाम तपासावे लागते.