क्लच जड झालाय? वायर ताणून घेण्याआधी पेडल काय सांगतंय ते बघा

अंगारकी चतुर्थीला जाफराबादहून स्वतःची गाडी घेऊन राजूरच्या गणपतीला गेलेल्या कुणालाही विचारा, डाव्या गुडघ्याची काय अवस्था होते ते. रस्त्यावर पायी निघालेली माणसं, ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकली. गाडी चार फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते आणि दर वेळी क्लच दाबावा लागतो. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजसमोर उभी राहते: "भाऊ, क्लच लई हार्ड झालाय, जरा वायर बघ ना."

भाऊ बॉनेट उघडतात, पाना घेऊन एक नट फिरवतात. पाच मिनिटांत काम होतं आणि पेडलही जरा वेगळं लागतं. आपण खूश. पण बऱ्याचदा दुखणं त्या नटात नसतंच. चुकीच्या बाजूला फिरवलेला तोच नट पुढे अख्खी क्लच प्लेट खाऊ शकतो. ते काम करायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणून बिल हजारांत जातं.

मग पेडल नेमकं कशामुळे जड होतं? त्यासाठी आधी पायाखाली काय चाललंय ते बघू.

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. तिला क्लच प्लेट चिकटून बसते आणि त्या प्लेटला मागून प्रेशर प्लेट दाबून धरते. हा दाब शेकडो किलोंचा असतो आणि तो देते एक पसरट, वाटीसारखी स्प्रिंग. तिच्या मधोमध पाकळ्यांसारखी बोटं असतात. तुम्ही पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग ती बोटं आत ढकलतं, पकड सुटते आणि इंजिन चाकांपासून वेगळं होतं. म्हणजे क्लच दाबताना तुमचा पाय मुळात त्या स्प्रिंगशी झुंजत असतो. पेडलपासून तिथपर्यंत ताकद पोहोचवायचे दोन मार्ग आहेत. मारुती ८००, ओम्नी, अल्टो अशा गाड्यांत लोखंडी तारेची केबल, जिला आपण क्लच वायर म्हणतो. बऱ्याच नव्या आणि मोठ्या गाड्यांत हायड्रोलिक, म्हणजे ब्रेक ऑइलने काम करणारी नळी.

तुमच्या गाडीत यातलं काय आहे हे आधी माहीत पाहिजे. कारण हायड्रोलिक क्लचमध्ये ताणायला वायरच नसते.

वायरवाली गाडी असेल तर

इंजिन बंद ठेवून पेडल हाताने हळूच दाबा. सुरुवातीला थोडं अंतर ते अगदी सहज जातं, मग अडतं. या मोकळ्या चालीला फ्री प्ले म्हणतात. ती साधारण एक-दोन सेंटीमीटर असते, नेमका आकडा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत मिळतो. क्लच प्लेट झिजते तसा हा फ्री प्ले आपोआप कमी होत जातो. अशा वेळी वायर आणखी ताणली तर पेडल वरच्या वर लागतं, 'टाईट' वाटतं आणि माणसाला बरंही वाटतं. पण मोकळी चाल शून्यावर आली, की तुम्ही पाय काढून घेतला तरी बेअरिंग त्या बोटांवर टेकून राहतं. पकड पूर्ण बसत नाही, प्लेट घसरते, तापते, जळते. झिजलेल्या प्लेटला खरं तर वायर थोडी सैल करून द्यावी लागते. नेमकं उलटं.

उलट बाजूने, फ्री प्ले जास्त असेल तर पेडल खाली टेकलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना 'खर्रर्र' ऐकू येतं. वायर ताणायची वेळ ही.

वायरच जुनी असेल, आतले पदर तुटायला लागले असतील किंवा ती कुठे तीव्र वाकली असेल, तर पेडल अडकत-अडकत, करकरत खाली जातं. त्यात ऑइल सोडायचा उपाय लोकप्रिय आहे. पण हल्लीच्या बऱ्याच केबलला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. तिथे ऑइल सोडलं की धूळ चिकटते आणि चार दिवसांनी परिस्थिती आणखी वाईट होते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ तर विचारूच नका. तुटत आलेली केबल रस्त्यात दगा द्यायच्या आधी सरळ बदलून टाका. या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये हीच त्यातल्या त्यात स्वस्त आहे. ग्रीस लावायचंच असेल तर पेडल जिथे फिरतं त्या बुशला लावा, कोरडं पडलेलं बुशही जडपणा वाढवतं.

हायड्रोलिक असेल तर

इथे तक्रार बहुतेक वेळा जडपणाची नसते. पेडल स्पंजासारखं पोकळ लागतं, खाली बसून राहतं, दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. म्हणजे नळीत हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. कोरडं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरल्यावर त्याच्यासाठी ठरलेली किमान मर्यादा १५५ अंश आहे. शिवाय ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते यामुळेच. नुसतं ऑइल बदलून आणि हवा काढूनही जुन्या गाडीचं पेडल पुष्कळ सुधारतं.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या ऑइलची टाकी एकच असते. पातळी सारखी खाली जात असेल तर वरून ओतत राहू नका, गळती शोधा. गोष्ट ब्रेकची आहे.

आणि वायर, ऑइल सगळं ठीक असूनही पेडल जड असेल तर?

मग संशय प्लेटवर घ्यायचा. प्लेट झिजून पातळ झाली की पेडल हलकं होईल असं वाटतं. बहुतेक गाड्यांत होतं उलटंच. पातळ प्लेटमुळे प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, वाटीसारख्या स्प्रिंगची बसण्याची जागा बदलते आणि तिला दाबायला जास्त जोर लागतो. हा बदल इतका हळूहळू होतो की रोज गाडी चालवणाऱ्याला कळत नाही. पाहुणा गाडी चालवायला घेतो आणि म्हणतो, "तुम्ही हे कसं दाबता रोज?"

खात्री करायला एक साधी चाचणी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ४०-५० च्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज एकदम चढला पण गाडी त्या मानाने पळाली नाही, तर प्लेट घसरतेय. जळका वास आला तर पुरावाच मिळाला. अशा गाडीत माल भरून घाट चढायला जाऊ नका. क्लच दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंगकडे बघायचं.

गिअरबॉक्स उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला, फ्लायव्हीलवर चरे पडलेत का तेही बघून घ्या. फक्त प्लेट बदलून दीड-दोन हजार वाचवले आणि सहा महिन्यांत बेअरिंग गेलं, तर उतरवायची मजुरी पुन्हा आहेच. पार्ट घेताना बॉक्स नीट बघा, नकली माल खूप फिरतो. क्लच बनवणारी एक्सेडी कंपनी लांबची नाही, तिचा कारखाना छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत आहे. जुन्या मेकॅनिक लोकांना ती सीके डाइकिन या नावाने आठवेल.

एक गोष्ट मात्र गॅरेजला जायच्याही आधी करून बघा. पायाखालची मॅट काढा. कंपनीची मॅट, तिच्यावर रबरी, तिच्यावर ती जाड शिवलेली महागडी मॅट, असे थर बसले की पेडल पूर्ण खाली जातच नाही, आणि गिअर अडकतो म्हणून आपण वायरला दोष देत बसतो. मग सीट बघा. क्लच तळाला टेकलेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून, बोटांच्या टोकाने दाबावं लागत असेल तर कुठलाही क्लच जडच लागणार. घरात एकाच गाडीवर तिघं हात फिरवत असतील तर सीट सरकवायचा कंटाळा करू नका.

पेडल हलकं करून देणाऱ्या जादा स्प्रिंगा ऑनलाइन मिळतात. माझं मत विचाराल तर नको. जडपणा हे लक्षण आहे, ते झाकलं तर प्लेट जळेपर्यंत कळणार नाही.

आणि राजूरच्या गर्दीत? पुढची गाडी हलत नसेल तर न्यूट्रल करा आणि पाय पेडलवरून पूर्ण काढून खाली ठेवा. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याऐवजी हँडब्रेक ओढा. पुढच्या गाडीमागे दोन फूट सरकायची घाई करू नका, दहा-पंधरा फूट जागा होऊ द्या, मग एकदाच पहिला गिअर टाका. मधल्या जागेत एखादी मोटरसायकल घुसेल, घुसू द्या.