दोरी ओढा, दिवा लावा

इंग्लंडमध्ये माझ्या घरी भारतातून पाहुणे आले, की बॅगा उघडायच्या आतच बाथरूममधून पहिली हाक येते, "अगं, दिव्याचं बटण कुठंय?"

आत भिंतीवर बटण नसतंच. छतापासून एक दोरी लोंबत असते, टोकाला प्लॅस्टिकचा लंबक. ती ओढायची. टक्! दिवा लागला. पुन्हा ओढायची. टक्! विझला. मोठी माणसं नाक मुरडतात. मुलं मात्र पहिल्या दिवशी ही दोरी सोडायलाच तयार नसतात.

दोरी कशासाठी? पाण्यासाठी! कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवून धरते. ती ओली झाली, की हा अडथळा कितीतरी पटींनी कमी होतो. त्यात पाय अनवाणी, फरशी ओली, एक हात धातूच्या नळाला लागलेला. म्हणजे विजेला अंगातून जमिनीत उतरायला रस्ता मोकळाच. म्हणून खरं बटण वर छताला ठेवलं आणि खाली सोडली नुसती दोरी. काही घरांत दोरीऐवजी बटण दाराबाहेर असतं. पण घरात खोडकर भाऊ असेल तर दोरीच बरी. तोंडाला साबण लावलेला असताना बाहेरून दिवा कोण घालवतं, ते वेगळं सांगायला नको.

बाथरूममध्ये साधं सॉकेटही दिसत नाही. टबाजवळ किंवा शॉवरजवळ ते बसवायला नियमानंच मनाई आहे. दाढीच्या मशिनपुरतं एखादं छोटं सॉकेट मात्र चालतं. का बरं? त्याच्या आत एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात तारेची दोन वेटोळी असतात आणि ती एकमेकांना मुळीच जोडलेली नसतात. पहिल्या वेटोळ्यातल्या विजेमुळे चुंबकत्व तयार होतं आणि त्या चुंबकत्वामुळे दुसऱ्यात वीज निर्माण होते. वीज जिथून निघाली तिथे परतायची वाट शोधत असते. एरवी ती वाट जमिनीतूनही मिळते. इथे दुसऱ्या वेटोळ्याचा जमिनीशी संबंधच तोडलेला असतो, म्हणून धोका खूपच कमी होतो. (तरी ओल्या हातांनी तिथे जायचं नाही. ट्रान्सफॉर्मर असो वा नसो!)

आता तोंड धुवायला वळा. बेसिनला दोन नळ, दोन टोकांना. एकातून बर्फासारखं पाणी, दुसऱ्यातून चटका बसेल असं. मधलं कोमट पाणी हवं असेल तर बेसिनला बूच लावून ते आपलं आपण तयार करायचं. थंडीत सकाळी सहा वाजता हे काम कुणालाच आवडत नाही, मलाही नाही.

याचं उत्तर आहे पोटमाळ्यावर. जुन्या इंग्लिश घरांत तिथे एक टाकी असायची आणि तिच्यातलं पाणी खाली येऊन तापायचं. टाकीचं झाकण नीट नसेल तर धूळ, किडे, कधी एखादा उंदीरसुद्धा आत! थंड पाणी मात्र बऱ्याचदा थेट रस्त्याखालच्या मोठ्या नळातून यायचं, पिण्याजोगं स्वच्छ. ही दोन पाणी एकत्र होऊ द्यायची नव्हती. शिवाय दोन्हींचा दाबही सारखा नसायचा. रस्त्यावरचं पाणी जोरात येणार, टाकीतलं फक्त उंचीच्या जोरावर. दोघं एकाच नळात शिरले, तर जोरवाला कमजोराला मागे ढकलणार. नव्या घरांत टाकी गेली आणि एकच नळ आला. जुन्या घरांत दोन नळ अजून ठाण मांडून आहेत.

पाहुण्यांचा तिसरा घोटाळा चार्जरचा. भारतात आणि ब्रिटनमध्ये वीज सारखीच, २३० व्होल्ट, तरी आपला प्लग तिथे जात नाही. ब्रिटिश प्लगच्या पिना चपट्या चौकोनी आणि अंग चांगलं जाडजूड. तो जमिनीवर पडला, की पिना वर करून पडतो. रात्री अनवाणी त्यावर पाय पडला तर डोळ्यांसमोर तारेच चमकतात.

एवढा जाड का? दुसऱ्या महायुद्धानंतर घरं भराभर बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. म्हणून प्रत्येक सॉकेटला वेगळी तार देण्याऐवजी एकच तार घरभर गोल फिरवून आणायची पद्धत काढली. त्या अख्ख्या तारेला ३० अँपिअरचा फ्यूज. पण टेबलावरच्या दिव्याची बारीक वायर ३० अँपिअरमध्ये जळून जाईल की! मग प्रत्येक प्लगच्या पोटातच छोटा फ्यूज बसवला. दिव्याला ३ अँपिअरचा, पाण्याच्या किटलीला १३ अँपिअरचा. किटली ३००० वॅटची असेल, तर ३००० भागिले २३०. करा बघू गणित!

या सगळ्याचा विचार करणाऱ्या समितीत एकच बाई होती, कॅरोलाइन हॅसलेट नावाची इंजिनिअर. लहान मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा तिनं लावून धरला. त्यामुळे सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून झडप असते. प्लगची वरची अर्थिंगची पिन जास्त लांब असते. ती आधी आत शिरते, झडप उघडते, मगच बाकीच्या दोन पिनांना वाट मिळते. नुसतं बोट किंवा पेन्सिल घातली तर झडप बंदच. हा प्लग १९४७ मध्ये आला.

त्याआधी ब्रिटनमध्ये कोणता प्लग होता, माहीत आहे? गोल पिनांचा, तीन पायांचा. तुमच्या घरी गिझरला जो मोठा प्लग असतो ना, त्याचाच पूर्वज. ब्रिटिश घरांतून तो केव्हाच हद्दपार झाला, पण नाटकवाल्यांनी त्याला सोडलं नाही. रंगमंचावर उंच टांगलेल्या दिव्याच्या प्लगमधला फ्यूज उडाला, तर ऐन प्रयोगात शिडी लावून वर कोण चढणार? गोल पिनांच्या प्लगमध्ये फ्यूजच नसतो. म्हणून लंडनच्या थिएटरांत तो आजही भेटतो.