पुस्तकपेटीचं काम

माझी मुलगी दुसरीत आहे. तिच्या वर्गात बेन दर महिन्याला कामं वाटून देतात. कुणी फळा पुसायचा, कुणी मैदानावर जाताना पंखे-दिवे बंद करायचे, कुणी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं. हिच्याकडे पुस्तकपेटी आली. कोणी कुठलं पुस्तक नेलं, कधी परत आणलं, याची नोंद ठेवायची.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. त्याच रात्री लॅपटॉपवर झकास तक्ता केला. उशीर झालेली नावं आपोआप लाल व्हायची! रोज संध्याकाळी ती सांगायची, मी भरायचो.

आजोबांना पेटीचं भारी कौतुक. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून बडोदा राज्यात ग्रंथालयांचं काम उभं केलं, त्यात गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जायच्या. "त्या पेट्याही कुणीतरी सांभाळल्याच असतील ना," आजोबा म्हणाले.

मग एक पुस्तक परत येईना. ते कुणाकडे आहे असं बेननी विचारलं, तर ही म्हणाली, "बाबांना विचारून सांगते." संध्याकाळी मला बेनचा मेसेज: काम तिला दिलंय, तुम्हाला नाही. वाचून कान गरम झाले. ऑफिसातही मी नव्या मुलांचं काम घाईघाईत स्वतःच उरकतो आणि वर ती शिकत नाहीत म्हणून कुरकुरतो.

तक्ता बंद केला. तिने एक वही घेतली. पुस्तकाच्या नावाऐवजी चित्र, हत्ती नाहीतर आगगाडी, पुढे नेणाऱ्याचं नाव. परत आलं की फुली. माझ्या तक्त्यापेक्षा बरं चाललं, कारण वही पेटीतच असायची.

पुस्तक होतं वर्गातल्या एका दांडगट मुलाकडे. त्याला विचारायची हिला भीती. दोन दिवस सकाळी पोटात दुखू लागलं. मी त्याच्या वडिलांना फोन लावणार, तेवढ्यात बायकोने फोन काढून घेतला. रात्री आजी तो मुलगा झाली, कमरेवर हात ठेवून, आणि ही समोर. "तूच हरवलंस" असं न म्हणता "घरी एकदा बघशील का?" असं विचारायचा सराव चार-पाच वेळा झाला. दोन दिवसांनी पुस्तक आलं. त्याच्या धाकट्या बहिणीने दोन पानं रंगवली होती. ते बेनना सांगायलाही हीच गेली.

आमच्या वेळी वर्गात एकच पद असायचं, मॉनिटरचं. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, बस्स. मी दोन वर्षं मॉनिटर होतो. रुबाब होता, काम काहीच नव्हतं.

आता तिच्याकडे कुंड्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, म्हणून काल ती काळजीत होती. माझ्या डोक्यात तीन उपाय तयार, त्यातला एक तर टायमरच्या पंपाचा. मी तोंड मिटून जेवत राहिलो. हात धुता धुता ती म्हणाली, "शिपाईकाकांना विचारते."